तीन अक्षरांचं घराणं

इंग्रजीतला 'मिक्स' हा शब्द इतका रोजचा आहे की त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. मराठीत तर तो केव्हाच घरचा झाला. हॉटेलातली भाजी मिक्स, बॅडमिंटनची मिक्स डबल्स, स्वयंपाकघरात मिक्सर, गाण्याचं रिमिक्स. रोमन लिपीत अक्षरं तीनच: एम, आय, एक्स. तोंडाने सावकाश म्हणून पाहा. म साठी मिटलेले ओठ उघडतात, ऱ्हस्व इ निसटून जाते आणि क्-स् च्या जोडाक्षरावर शब्द खटकन थांबतो. ढवळून झाल्यावर चमचा भांड्याच्या काठावर आपटावा तसा. त्याच अर्थाचे 'ब्लेंड' आणि 'मिंगल' हे शब्द अनुनासिकातून वाहत जातात, त्यांना टोक नाही. 'मिक्स'ला आहे. ढवळण्याची क्रिया संपल्याची खूण शब्दाच्या उच्चारातच असावी, हे मला फार देखणं वाटतं.

त्याचा जन्म त्याहून देखणा आहे. लॅटिनमध्ये मिसळण्याचं क्रियापद 'मिस्केरे'. त्यापासून झालेलं विशेषण 'मिक्स्टुस', म्हणजे मिसळलेलं. फ्रेंचमार्गे हे विशेषण इंग्लंडात पोचलं ते कोर्टकचेऱ्यांच्या दाराने. नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या कायद्याची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली. दाव्यांचे प्रकार तीन: जमीनजुमल्याचे, व्यक्तीविरुद्धचे, आणि दोन्हींचा अंश असलेले. हे तिसरे 'मिक्स्ट'. पंधराव्या शतकात इंग्रजी लेखनात हे विशेषण रुळलेलं होतं, पण 'मिक्स' असं क्रियापद मात्र अजून प्रचारात नव्हतं. इंग्रज कानाला त्या विशेषणाचा शेवटचा ट ओळखीचा वाटला. इंग्रजीत भूतकाळाचा प्रत्यय क, प, स यांसारख्या अघोष व्यंजनांपुढे ट असाच उच्चारला जातो. 'लुक'चं 'लुक्ट' होतं, 'किस'चं 'किस्ट'. मग 'मिक्स्ट' म्हणजे कुठल्यातरी 'मिक्स' या क्रियापदाचाच भूतकाळ असणार! लॅटिनचा ट इंग्रजी प्रत्यय म्हणून काढून घेतला आणि मागे उरलं ते क्रियापद सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोलू-लिहू लागलं. लेकराच्या पोटी आई जन्मावी, असा हा प्रकार.

हे वाचून इंग्रजांच्या व्याकरणाला नावं ठेवू नयेत, कारण संस्कृतानेही हेच केलं आहे आणि तितक्याच ऐटीत. ऋग्वेदात वरुणासारख्या देवाला 'असुर' म्हटलंय, ते गौरवाने. त्यातला अ नकाराचा नाहीच. पुढे 'असुर'चा अर्थ फिरला, तो अ नकारार्थी वाटू लागला, आणि तो काढून देवांसाठी 'सुर' हा नवा शब्द घडला. 'विधवा'ची गोष्टही तशीच. इंग्रजी 'विडो' आणि लॅटिन 'विदुआ' यांच्या कुळातला हा प्राचीन शब्द मुळात अखंड आहे. पण त्यातला वि उपसर्ग आहे असं समजून उरलेल्या भागातून पती या अर्थाचा 'धव' निघाला. 'धव', 'सुर' आणि 'मिक्स' हे तिघे एका पद्धतीचे शब्द आहेत. भाषा बोलणाऱ्यांना आतली रचना दिसते, ती नसली तरी दिसते, आणि मग ती खरी होते. समूहाची ही कल्पकता एखाद्या कवीच्या प्रतिभेपेक्षा मला कमी वाटत नाही.

तो ट लगेच नाहीसा झाला नाही. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'च्या शेवटी अँटनी ब्रूटसच्या मृतदेहापाशी उभा राहून शत्रूचं कौतुक करतो: पंचमहाभूतांतली चार, पृथ्वी, आप, तेज, वायू, या माणसात अशी काही मिसळली होती की प्रत्यक्ष निसर्गाने उठून जगाला सांगावं, हा माणूस होता. शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या संग्रहात, म्हणजे फोलिओत, हा शब्द आज लिहितात तसा नाही. तो 'मिक्स्ट' असाच, एक्सपुढे टी लावून छापलेला आहे. इथे शब्दाची निवड बघण्यासारखी आहे. त्या काळच्या वैद्यकानुसार माणसाचा स्वभाव शरीरातल्या चार रसांच्या प्रमाणावरून ठरे; एक वाढला की कोपिष्ट, दुसरा वाढला की उदास. 'टेंपरामेंट' या शब्दाच्या पोटातही योग्य प्रमाणात मिसळण्याचाच अर्थ आहे. तेव्हा अँटनी ब्रूटसच्या शौर्याचं नाव घेत नाही, निष्ठेचंही नाही. प्रमाणाचं घेतो. मेलेल्या माणसाची ओळख त्याच्यातल्या मिश्रणाने सांगणं, तेही एका कायदेशीर वाटणाऱ्या विशेषणाने, ही नाटककाराची नजर.

आता 'मिक्स'च्या सोबत्यांकडे, 'मिंगल' आणि 'ब्लेंड'कडे, येऊ. 'मिंगल' हा इंग्रजीचा घरचा, जुन्या जर्मानिक मुळातला. 'अमंग' या साध्या शब्दात त्याचंच नातं आहे. मुळात 'अमंग' म्हणजे गर्दीत, घोळक्यात. 'ब्लेंड'मागे उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांची नॉर्स भाषा दिसते. 'मिक्स' लॅटिनचा. एका अर्थाला तीन शब्द झाले की भाषा त्यांच्यात कामं वाटून देते, आणि ती वाटणी इथे फार बारीक आहे. माणसं समारंभात 'मिंगल' होतात: एकमेकांत फिरतात, पण जो तो आपापला राहतो. चहा, व्हिस्की, अत्तर यांचं 'ब्लेंड' होतं: सांधा दिसता कामा नये, आसामचा कडकपणा कुठे संपला आणि दार्जिलिंगचा सुगंध कुठे सुरू झाला हे सांगता येऊ नये. 'मिक्स' या दोन्हींच्या मध्ये उभा आहे आणि काहीच कबूल करत नाही. सुकामेवा मिक्स केला तर बदाम बदामच राहतो. रंग मिक्स केले तर निळा आणि पिवळा दोन्ही जातात, हिरवा उरतो. शब्द एकच. घटक उरले की विरले, झालं ते चांगलं की वाईट, हे तो सांगत नाही. ते त्याच्या शेजारच्या नामावर सोपवून मोकळा होतो. हा तटस्थपणा पुष्कळांना रुक्ष वाटेल. मला तो या शब्दाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. 'ब्लेंड' ऐकताना निकाल लागलेला असतो, 'मिक्स' ऐकताना वाक्याची वाट पाहावी लागते.

लॅटिन मूळ क्रियापद आपल्याकडेही येऊन गेलं आहे, आणि तेही दवाखान्यात. जुन्या पद्धतीच्या औषधपत्रांत डॉक्टर घटकांची यादी लिहून शेवटी नुसता 'एम' लिहीत. तो 'मिस्के' या लॅटिन आज्ञार्थाचा: मिसळ! कंपाउंडर मग पातळ औषध बाटलीत भरी, बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी, पट्टीच्या प्रत्येक कंगोऱ्याला एक डोस. काचेच्या मोठ्या बरण्यांवर 'मिस्ट.' अशी अक्षरं असत. ती 'मिस्टुरा'ची, म्हणजे मिश्रणाची. लोक त्या गुलाबी-तांबड्या पाण्याला 'मिक्श्चर' म्हणत आणि 'बाटली हलवून घ्या' ही सूचना घरच्यांना तोंडपाठ असे. ती सूचनाही अर्थपूर्ण आहे. न विरघळणारी भुकटी तळाशी बसते, म्हणून दर वेळी नव्याने मिसळायचं. आणि आता तो आज्ञार्थ पुन्हा ऐका. लॅटिन 'मिस्के', मराठी 'मिसळ'. डॉक्टरांची एका अक्षराची आज्ञा कंपाउंडरच्या मातृभाषेत जवळपास त्याच आवाजात उभी होती.

हा योगायोग नव्हे. लॅटिन 'मिस्केरे', ग्रीक 'मिग्नुमी', लिथुआनियन 'मिश्ती' आणि संस्कृत 'मिश्र' यांचं मूळ एकच, असं तौलनिक भाषाशास्त्र मानतं. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंडलात इंद्र आणि त्याचे दोन घोडे यांच्या निकटपणासाठी 'सम्मिश्ल' असा शब्द येतो, र च्या जागी ल घेतलेला. यज्ञकर्मात चरू, म्हणजे शिजवलेला हविर्भाग, ढवळण्यासाठी एक लाकडी पळी लागे. तिचं नाव 'मेक्षण'. या नावावर मी पुन:पुन्हा येतो. त्यातला क्ष आणि 'मिक्स'मधला क्स कानाला जवळपास एकच, मूळही एक, पण दोन्ही व्यंजनं आपापल्या भाषेत वेगळ्या वाटांनी इथवर आलेली. पुढे प्राकृतात 'मिश्र'चं 'मीस' झालं आणि 'मीसालिअ' असंही एक रूप निघालं. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या एवढ्याशा रूपासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं. आपली 'मिसळ' या 'मीसालिअ'च्या अंगणातलीच. नाक्यावरच्या हॉटेलात कुणी 'मिसळ मिक्स करून घे, मग खा' म्हणतो, तेव्हा एकाच मुळाचे दोन वंशज एका वाक्यात शेजारी बसलेले असतात.

या कुळाची इंग्रजीतली शाखा केवढी पसरली आहे! 'मिसेलेनियस' म्हणजे किरकोळ, नानाविध. 'मेडली' आणि 'मेले' फ्रेंचमार्गे आलेले सख्खे भाऊ: पहिल्यात सूर मिसळतात, दुसऱ्यात हाणामारी करणारी माणसं. 'मेडल' या क्रियापदाचा अर्थ सुरुवातीला नुसता मिसळणं असाच होता. मग दुसऱ्याच्या कामात मिसळणं, म्हणजे लुडबूड करणं, एवढाच उरला. 'प्रॉमिस्क्युअस' हा आज चारित्र्यावर बोट ठेवणारा शब्द एके काळी फक्त सरमिसळ सांगायचा. अमेरिकेत 1837 मध्ये अँजेलिना आणि सारा ग्रिम्के या भगिनी गुलामगिरीविरुद्ध व्याख्यानं देत होत्या, तेव्हा आक्षेप आला तो त्या 'प्रॉमिस्क्युअस' श्रोत्यांपुढे बोलतात असा. अर्थ इतकाच, की समोर स्त्रिया आणि पुरुष एकत्र बसलेले असत. पोर्तुगीज 'मेस्तिसो' गोव्यात पोर्तुगीज आणि स्थानिक अशा मिश्र कुळातल्या माणसांसाठी वापरला गेला. स्पॅनिश अमेरिकेतला 'मेस्तिझो' त्याचा जुळा. मला मात्र सगळ्यांत आवडतो तो 'मस्टँग', अमेरिकेतला रानमोकळा घोडा. मध्ययुगीन स्पेनमध्ये मेंढपाळ-धनगरांच्या संघाला 'मेस्ता' म्हणत, आणि ते नाव लॅटिन 'मिक्स्टा'पासून, सरमिसळ झालेल्या जनावरांवरून आलं असं मानलं जातं. कळप एकमेकांत शिरले, कुणाचं जनावर ते ओळखू येईना, की ते 'मेस्ता'चं. मेक्सिकोत असं बेवारस जनावर 'मेस्तेंगो' झालं आणि उत्तरेला जाऊन 'मस्टँग'. कुणाच्याही मालकीचा नाही म्हणून मोकळा! कोर्टातल्या दाव्याच्या विशेषणाचा हा चुलतभाऊ माळावर उधळलेला पाहिला की शब्दांच्या वंशावळीचा छंद सार्थकी लागतो.

या सगळ्या शाखेत एक गोष्ट ध्यानात येते. इंग्रजीत 'मिक्स्ड' विशेषण झालं की त्यावर बारीकशी शंकेची सावली पडते: भावना 'मिक्स्ड' म्हणजे धड आनंद नाही, प्रतिसाद 'मिक्स्ड' म्हणजे पडल्यातच जमा. संस्कृतात 'मिश्र'चं नशीब उलट निघालं. नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार प्रेक्षकांना 'आर्यमिश्र' म्हणून संबोधतो. विदर्भातल्या पद्मपूरच्या घराण्यातला भवभूती आपल्या 'उत्तररामचरिता'त हेच संबोधन वापरतो. आर्य आणि त्यांच्यासमवेतची मंडळी, या अर्थातून 'मिश्र'ला आदराचं वजन आलं, ते आडनावापर्यंत पोचलं. गणितात तर त्याला मोठी शिस्त लाभली. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त 'मिश्रव्यवहार' हे स्वतंत्र प्रकरण आहे: मुद्दल आणि व्याज एकत्र झालेलं असताना ते वेगळं कसं करावं, वेगवेगळ्या कसाचं सोनं एकत्र आटवलं तर कस किती येईल. कसाचं माप वर्ण, वजनाचं मासा. समजा, 16 वर्णांचं 6 मासे आणि 12 वर्णांचं 2 मासे सोनं एका मुशीत घातलं. वजन आणि वर्ण यांचे गुणाकार 96 आणि 24, बेरीज 120, तिला एकूण 8 माशांनी भागायचं; 15 वर्णांचं सोनं. मुशीत दोन्ही सोनी कायमची एक झाली, परत वेगळी निघायची नाहीत. हिशेबात मात्र प्रत्येकाचा वाटा शाबूत राहतो. मिश्रणाला इतक्या आदराने वागवणारं दुसरं गणित मला ठाऊक नाही.

रागदारीतही हा शब्द असाच सन्मानाने येतो. 'मिश्र खमाज', 'मिश्र पिलू'. नावामागे 'मिश्र' लागला की ठुमरी गाणाऱ्याला मोकळीक मिळते: खमाजात राहून एखाद्या परक्या स्वराला स्पर्श करायचा, दुसऱ्या रागाच्या अंगणात डोकावून यायचं, आणि श्रोत्याला घर सुटल्याचं कळायच्या आत परत यायचं. जोडराग वेगळा. त्यात दोन रागांचा करार आधीच झालेला असतो. 'मिश्र'मध्ये करार नाही, सवलत आहे. ती कुठे किती घ्यायची हे गाणाऱ्याच्या अदबीवर.

आजच्या काळात 'मिक्स' कुठे कुठे दडलाय ते पाहून घेऊ. बांधकामावर इंजिनिअर 'एम-ट्वेंटी' म्हणतो, त्यातला एम म्हणजे मिक्सच. आणि 20 हा आकडा सिमेंट-वाळू-खडीचं प्रमाण सांगत नाही. 150 मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब सोसतो ते सांगतो. मिश्रणाची ओळख त्यात काय घातलं यावरून नाही, ते काय पेलतं यावरून. घरच्या मिक्सरची तर वेगळीच कथा. पाश्चात्त्य घरात मिक्सर म्हणजे केकचं पीठ घुसळणारं यंत्र. आपल्याकडचा मिक्सर मुख्यत: वाटतो: खोबरं, लसूण, भिजवलेली डाळ, सुक्या मिरच्या. पाट्यावरचं काम पेलेल अशी मोटर हवी होती, आणि साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर यांनी 'सुमीत' घडवला तो त्यासाठीच. क्रियापदही आपण नवं घडवलं. वाटण मिक्सरमध्ये 'मिक्स' करत नाहीत, ते मिक्सर'मधून काढतात'. पाट्यावर होणारं काम आता भांड्याच्या आत, झाकणाखाली होतं. आपल्या हाती फक्त घालणं आणि काढणं उरलं. ते 'मधून काढणं' किती नेमकं आहे!

या शब्दाला अगदी नाजूक काम मिळालं ते ध्वनिमुद्रणात. इथे तो नाम झाला: गाण्याचा 'मिक्स'. सिनेमात संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळे तयार होतात आणि शेवटी 'मिक्सिंग'ला एकत्र येतात. अनेक ट्रॅकचं तंत्र नव्हतं तेव्हा ही कामगिरी खोलीतल्या अंतरांनी व्हायची. मायक्रोफोन एखाद-दुसरा, गायिका सर्वांत जवळ, बासरी थोडी बाजूला, व्हायोलिनं मागे, आणि ढोलकवाल्याची जागा बदलत बदलत ठरवायची. आवाज हवेतच मिसळून मायक्रोफोनपर्यंत यायचे. आता पन्नास ट्रॅक वेगळे असतात आणि प्रत्येकाचा फेडर बोटाखाली. पण प्रश्न तोच, जो 'मिक्स' या शब्दाने मोकळा सोडला आहे: कोण उरेल आणि कोण विरेल? तार-वाद्यांचा ताफा विरघळू द्यावा लागतो, त्यातलं एक व्हायोलिन वेगळं ऐकू आलं तर ते खटकतं. शब्दांची व्यंजनं मात्र एकही हरवता कामा नये. तबल्याच्या बाबतीत तर दोन्ही एकदम करावं लागतं. चाट स्पष्ट हवी, बायाची, म्हणजे डग्ग्याची, घुमक पसरलेली हवी. एखादं नीट मिक्स झालेलं गाणं हेडफोन लावून ऐका आणि गायिका सूर लावते त्या क्षणी फक्त बायाकडे कान द्या. घुमक खाली उतरते, तिची कड बोथट होते, पण लय धरून ती आवाजाच्या तळाशी राहते; अंतऱ्याआधी सतारीचा तुकडा आला की पुन्हा हातभर वर येते. गाणं लक्षात राहतं, बाया कधी वर आला आणि कधी गेला हे राहत नाही, आणि मिक्सिंगच्या टेबलाशी बसलेल्या माणसाने नेमकं तेवढ्यासाठी बोट हलवलेलं असतं.